अकरा पौंडांचा धोंडा

बर्ड क्रीक, आयडाहो
१९ ऑगस्ट १९८७

आदरणीय सेव्हेरो भावजी यांना,

ग्रासियानाचा नमस्कार. तुमची तब्येत उत्तम असणार असं मी धरूनच चालते, कारण तुम्हाला साधी शिंक आली तरी नेवाडातून इथवर फोन येतो, आणि ईस्टरपासून फोन आलेला नाही. नवे दात बसले का? की अजून सूपच पिताय? नाताळच्या कार्डात तुम्ही लिहिलं होतं की चौसष्टाव्या वर्षीही रोज न्याहारीच्या आधी पाच मैल चालता, आणि तेही चढावर. वाचून फार बरं वाटलं. (ते कार्ड मी जपून ठेवलंय.) इकडे सगळं ठीक आहे. मिरेन ठीक आहे. तिचा नवरा डॅरल गरजेपेक्षा जास्त ठीक आहे. नात ॲनी हॉस्पिटलात नर्स आहे आणि लग्नाचं नाव काढत नाही. तिच्या बापाकडे बघून तिचं फार चुकतंय असं मला वाटत नाही. माझं म्हणाल तर डावा गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. उजवाही सोडायला हवा, पण दोन्ही सोडले तर उभी कशावर राहू? अक्षर लागत नसेल तर उजेडात धरून वाचा. मी शाळेत गेले ते तीन हिवाळे, बाकीचं वर्ष बाबांच्या मेंढ्यांमागे डोंगरावर, आणि मेंढ्यांना शुद्धलेखनाची फारशी पर्वा नसते.

पत्राला काही कारण नाही. सहज लिहायला घेतलं.

बातमी एकच. सरकारी सोडतीत माझं नाव निघालं. रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना! तुम्हाला आठवत असेल, दर वसंतात मी आणि बेनितो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोन अर्ज भरायचो, एक त्याचा, एक माझा. तो गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून एकच भरते. सगळे मिळून माझे बावीस अर्ज झाले. तुमच्या भावाचं नाव एकदाही निघालं नाही आणि माझं निघालं ते एकुणसत्तराव्या वर्षी, म्हणजे सरकारलाही विनोद कळतो. पुढचा नंबर याच चालीने लागला तर तेव्हा मी एक्क्याण्णव वर्षांची असेन आणि मेंढ्यालाच मला खाली उतरवून आणावं लागेल. डॅरल म्हणाला, आई, तुम्ही आता फ्रेम करून भिंतीवर लावा तो परवाना, लोक बघतील. मी म्हटलं, जावईबापू, भिंतीवर लावायला माझ्याकडे तुमच्या लग्नाचा फोटो आहे, तेवढी एक चूक पुरे. मी जाणार. एक सप्टेंबरला शिकार खुली होते, ऑक्टोबरच्या मध्याला बंद. तेवढ्यात काय ते.

आता प्रश्न बंदुकीचा. माझी स्वतःची छोटी बंदूक तुम्ही पाहिलीय, कोकरांच्या मागे आलेल्या कोयोटला ती सत्तर पावलांवर आडवा करते, पण रानमेंढा काही कोकराच्या मागे अंगणात येत नाही. तो बसतो वर, खडकाच्या काठावर, आणि आपण तीनशे पावलांवर पोचलो की उठून दुसऱ्या काठावर जाऊन बसतो, एखाद्या जमीनदारासारखा. तेव्हा लांबची बंदूक हवी. आणि बंदुकीचं नाव काढलं की आपल्या खोऱ्यातला प्रत्येक पुरुष आधी खुर्ची पुढे ओढतो आणि मग टोपी मागे सारतो. दोन तट आहेत. एक म्हणतो डोंगरात वजनच सगळं, हलकी घे. दुसरा म्हणतो नेमच सगळा, जड घे. दोन्ही तट माझ्या स्वयंपाकघरात बसून माझे चोरिसो सॉसेज संपवतात आणि एकालाही माझे गुडघे किती वर्षांचे ते विचारायचं सुचत नाही.

डॅरल हलक्याच्या तटाचा म्होरक्या. त्याने पत्रं तोलायचा टपालाचा काटा विकत आणलाय आणि डोंगरावर न्यायची एकेक वस्तू त्यावर ठेवून वहीत आकडा लिहितो. टूथब्रशची मूठ करवतीने कापली. मोज्यांची लेबलं उसवली. चमच्याला भोकं पाडली (आता सूप सांडतं, पण वजन कमी झालं). पट्ट्यावरून पुढे जे चाळीस पौंड लोंबतंय ते मात्र काट्यावर ठेवायचं दरवर्षी राहून जातं. त्याच्याकडे साडेपाच पौंडांची बंदूक आहे. तिचा दस्ता ज्याच्या होड्या करतात त्या फायबरचा आणि नळी माझ्या विणायच्या सुईपेक्षा थोडी जाड. उचलली तेव्हा मला वाटलं आतलं काहीतरी घरी विसरलाय. पण खोटं कशाला बोलू, नेमबाजीच्या मैदानावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, श्वास धरून, त्याने तीन गोळ्या मारल्या आणि तिन्ही भोकं अर्ध्या डॉलरच्या नाण्याखाली झाकली गेली. मी म्हटलं, बघू.

हलक्या बंदुकीचं एक असतं भावजी, काडतूस तेवढंच मोठं, पण धक्का पोटात घ्यायला तिच्याकडे मांसच नाही, म्हणून तो सगळा आपल्याला देऊन टाकते. मी चाप दाबला आणि बंदुकीवरच्या दुर्बिणीची कड येऊन माझ्या उजव्या भुवईवर बसली. रक्ताची धार लागली. डॅरल धावत आला. आधी दुर्बिणीला ओरखडा गेलाय का ते पाहिलं, मग माझ्याकडे. ॲनीने सात टाके घातले. म्हणाली, "आजी, दुर्बिणीला इतका डोळा चिकटवायचा नसतो गं." मी म्हटलं, "बाई, मी चिकटवला नाही, ती चालून आली." टाके तिने सुरेख घातले, पण कातडी जरा जास्त ओढली गेली, त्यामुळे माझी ती भुवई अर्धा इंच वर जाऊन तिथेच राहिली. आरशात बघते तर मी सगळ्या जगाला विचारतेय, असं का?

आणि हे झालं कधी? तर आपल्या बास्क लोकांच्या हॉलमधल्या मुसच्या स्पर्धेच्या चार दिवस आधी! म्हणजे तुमच्या लक्षात आलंच असेल काय झालं असणार. मी आणि मिरेन सलग तीन वर्षं जिंकलेल्या जोडीदारणी. आपल्या मुसच्या पत्त्यांत जोडीदाराला तोंडाने काही सांगायचं नसतं, पण चेहऱ्याने सांगायची मुभा असते: ओठ चावला तर दोन राजे, जिभेचं टोक दाखवलं तर दोन एक्के, आणि भुवया उचलल्या तर हातात दुहेरी जोड्या. आता माझी भुवई पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत वर. मिरेनला टाके माहीत होते हो, पण पोर चाळीस वर्षं माझा चेहरा वाचत आलीय, तिचा हात तिच्या डोक्याला न विचारता पैजा वाढवत गेला. माझ्या हातात चौकी, पंजी, सत्ती, आणि ही समोरून सगळं पणाला लावतेय! मी डोळे वटारले तर तिला वाटलं आणखी चांगलं काही आलंय. बॉइसीच्या त्या दोन टकल्या भावांनी आम्हाला असं धुतलं की पाद्रीबाबासुद्धा खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी मिरेन म्हणाली, "आई, अगं भुवई खाली तरी ठेव!" मी म्हटलं, "येत नाहीये खाली!" हे मी हळू म्हणायला हवं होतं. बक्षिसाची चामड्याची वाइनची पिशवी यंदा बॉइसीला गेली.

तरी मी हलक्या बंदुकीवर राग धरला नाही. (मी राग धरत नाही. तुम्हाला माहीतच आहे.) भुवई जरा सुकल्यावर विचार केला, की मैदानावर खुर्चीत बसून मारलेल्या गोळीला काय अर्थ आहे? मेंढा काय आपल्याला खुर्ची देणार आहे? म्हणून घरामागचा डोंगर घेतला. वर जिथे आपण मेंढ्यांना मीठ ठेवायचो तो सपाट खडक आहे ना, तिथवर चढायचं, आणि धाप लागलेली असतानाच दोनशे पावलांवर टांगलेल्या कागदी बशीवर पाच गोळ्या. साडेपाच पौंड घेऊन मी तासाभरात वर पोचले. वाटेत एक गाणंही म्हटलं. पण पोटावर आडवी झाले आणि दुर्बिणीतून पाहिलं तर बशी घड्याळाच्या लंबकासारखी इकडून तिकडे! काळजाचा एकेक ठोका त्या सुईसारख्या नळीच्या टोकाशी जाऊन नाचत होता. पाचांतली एक लागली. बाकीच्या चार कुठे गेल्या ते त्या बाजूच्या गायींना विचारावं लागेल. (विचारलं. सगळ्या आहेत.)

मग जडाची परीक्षा. जड म्हणजे किती जड? मी अकरा पौंड धरले. अकराच का, तर बेनितोची बंदूक बरोबर अकरा पौंडांची होती, जी मी त्याच्या अंत्यविधीच्या जेवणात चाळीस माणसांसमोर तुमच्या हातात ठेवली आणि म्हटलं, घेऊन जा हा धोंडा, मला याचं काय करायचंय. तुम्ही रडलात. मग ग्लास उचलून म्हणालात की असा नेम या डोंगरांत पुन्हा होणे नाही, आणि हॉलच्या भिंतीवरच्या त्या एल्क हरणाच्या शिंगांकडे बोट दाखवलंत, ज्यांच्याखाली पितळी पाटी आहे: बेनितो, १९५१, चारशे पावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. (हे आपलं उगाच आठवलं.) तर अकरा पौंडांची बंदूक आता घरात नाही, म्हणून मी पाण्याच्या पाइपाचा तेवढ्याच लांबीचा तुकडा घेतला, त्यात वाळू भरली, दोन्ही टोकांना चिंध्या कोंबल्या, आणि डॅरलच्या काट्याला पेलेना म्हणून खाटकाकडे जाऊन तोलून आणला. बरोबर अकरा. खाटकाने विचारलं, कापून देऊ का?

पाइप खांद्याला लावून मी निघाले. खालच्या घरात कॅलिफोर्नियाहून एक मिसेस टॉलिव्हर राहायला आल्यात, त्या रोज सकाळी दुर्बिणीतून पक्षी बघतात. त्या दिवशी पक्ष्यांच्या जागी मी दिसले. त्यांनी शेरिफच्या कचेरीत फोन केला की फुटलेल्या कपाळाची एक म्हातारी खांद्यावर तोफ घेऊन गावाच्या वरच्या बाजूला मोर्चा लावायला चाललीय. मी खडकावर पोचले तेव्हा पावणेदोन तास झाले होते, गुडघे कणकेच्या गोळ्यांसारखे सुजले होते, आणि गाणं सोडा, मला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. मागोमाग हल्व्हर्सन नावाचा तरुण डेप्युटी धापा टाकत आला. "आजी, हत्यार खाली ठेवा," म्हणाला. ठेवलं. त्याने चिंधी काढून आत पाहिलं, वाळू बुटावर सांडली. मग मी त्याला सगळं सांगितलं. तुम्हाला वाटेल तो मला खाली घेऊन आला. छे! त्याने टोपी मागे सारली. म्हणाला, माझं विचाराल तर जडच. आणि माझ्या शेजारी पोटावर आडवा होऊन पाइप दगडावर कसा टेकवायचा ते दाखवायला लागला. अर्धा तास आम्ही दोघं पाइपाने बशीवर नेम धरून पडलो होतो आणि मिसेस टॉलिव्हर खालून सगळं बघत होत्या. पण भावजी, त्या पाइपाने मला पटवलं. माझं काळीज धडधडतंय, आणि तो अकरा पौंडांचा ऐवज दगडावर असा निवांत पडलाय जसा रविवारच्या प्रवचनात बेनितो. हलायचं नाव नाही.

थोडक्यात काय, हलकी मला तिथवर पोचवते पण मेंढ्याला लागत नाही. जड मेंढ्याला लागेल, पण मी तिथवर पोचत नाही. दुकानदाराने मधली दाखवली, आठ पौंडांची. उचलून पाहिली. मधली बंदूक म्हणजे कोमट सूप, घसाही शेकत नाही आणि तहानही भागत नाही. मग मी एक शक्कल काढली. हलकी घेऊन चढायचं, आणि वर गेल्यावर मोज्यात तिथलेच दगड भरून नळीला टांगायचे, म्हणजे वजन डोंगराने दिलं. मला तर हे फार हुशारीचं वाटलं. वर गेले, मोजा टांगला, चाप दाबला. मोजा नळीवरून निसटून पुढे गेला, त्यातला एक दगड खाली उभ्या असलेल्या डॅरलच्या ट्रकच्या काचेवर पडला, आणि डॅरल ट्रकमध्ये बसून चमचा तोलत होता. तो आता माझ्याशी फक्त मिरेनच्या मार्फत बोलतो. त्यातल्या त्यात तेवढा फायदा.

असो. फार लांबलं. तुम्ही काळजी करू नका, माझं ठरलंय. हलकी घेऊन जाईन आणि मेंढा अगदी जवळ येईपर्यंत वाट बघेन. मेंढा म्हातारा असला तर त्यालाही कमी दिसत असेल. कुणाकडून काही मागायची मला सवय नाही आणि गरजही नाही. दातांची काळजी घ्या. चालणं सोडू नका, विशेषतः चढावरचं.

तुमची वहिनी,
ग्रासियाना

ता. क. बेनितोची बंदूक अजून तुमच्याकडे आहे का? शेकोटीच्या वर टांगून ठेवलीय असं ऐकलं. धुराने नळी खराब होते. एकदा तेलाचं फडकं मारा. सहज विचारलं.

ता. क. २. खराब झाली नसेल तर दहा सप्टेंबरपर्यंत इकडे घेऊन या. टपालाने पाठवू नका, टपालवाले आपटतात. परत मागत नाही, दिलेली वस्तू मी परत घेत नाही. तीन आठवड्यांसाठी द्या. तोवर शेकोटीच्या वर ते नाताळचं कार्ड टांगा, हवं तर मी पाठवते.

ता. क. ३. आता तुम्ही म्हणाल, वहिनी, अकरा पौंड तुम्हाला झेपत नाहीत असं तुम्हीच तीन पानं लिहिलंत. बरोबर. मला झेपत नाहीत. तुम्हाला झेपतात. तुम्ही रोज पाच मैल चालता, चढावर, न्याहारीच्या आधी, माझ्याकडे लेखी आहे. खालच्या तळापर्यंत खेचर येईल, पुढे खडक आहेत, तिथे खेचर येत नाही, तिथे तुम्ही. भाकरी आणि चोरिसो मी घेईन.

ता. क. ४. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. हे छत्तीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. एकावन्न सालच्या त्या एल्कचा परवाना माझ्या नावाचा होता. जाऊन जुने कागद बघा. चढताना बंदूक बेनितोने वाहिली, कारण तो बैलासारखा चढायचा आणि मी तेव्हाही अकरा पौंडांखाली दमायचे. वर गेल्यावर त्याने ती माझ्या हातात दिली. चारशे पावलं होती, ते खरं. उतरताना पुन्हा त्याच्या खांद्यावर, म्हणून गावात शिरलो तेव्हा सगळ्यांनी त्यालाच उचलून घेतलं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही, मिशीवरून हात फिरवला फक्त. घरी आल्यावर मी त्याला तीन दिवस गार जेवण वाढलं, पण पाटी तोवर बसली होती. नंतर कधी मी ती काढायला सांगितली नाही. माणूस चांगला होता, आणि त्याला बैलासारखं चढता येण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं. तेव्हा तुम्हाला मी त्याची जागा घ्यायला सांगत नाहीये भावजी. फक्त त्याचं ओझं घ्या.

ता. क. ५. मेंढा पडला तर पाटीवर नाव माझं. हे कबूल असेल तरच या, आणि कबूल असल्याचं लेखी कळवा.

ता. क. ६. वर गेल्यावर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, रानमेंढ्याचे डोळ्यांखालोखाल कान तिखट असतात, आणि तुमच्या नव्या दातांचा आवाज मी ईस्टरला फोनवर ऐकलाय. मुससारखं खेळू. मी ओठ चावला की बंदूक पुढे द्यायची. भुवईकडे लक्ष देऊ नका.